माझे पेपर कुणी वाचतं का?

या वेळचं पत्र आरोग्य संशोधन करणाऱ्या एका बाईंचं आहे. ओळख पटेल असे तपशील काढून त्यांचं म्हणणं थोडक्यात देते.

पीएचडी होऊन त्यांना बारा वर्षं झाली. त्यातली दोन बाळंतपणात आणि मुलाच्या संगोपनात गेली. विषय गरोदरपणातला रक्तक्षय; त्यातही स्त्रिया लोहाच्या गोळ्या मध्येच का सोडतात, हा. काम घरोघर जाऊन, आरोग्य केंद्रांत बसून, महिनोन्महिने माहिती गोळा करण्याचं. नावावर ३१ पेपर आहेत, एच-इंडेक्स (पेपरची संख्या आणि त्यांना मिळालेली सायटेशन्स यांवरून काढलेला आकडा) ९. त्यांच्याच सोबत रुजू झालेला एक सहकारी हृदयविकारावरच्या औषधांच्या मोठ्या चाचण्यांमध्ये काम करतो, त्याचा एच-इंडेक्स ३८. पदोन्नतीआधीच्या चर्चेत समितीतल्या एका सदस्यांनी दोघांची प्रोफाइल शेजारी-शेजारी उघडली आणि म्हणाले, ‘तुमचं काम फारसं कुणी वाचत नाही असं दिसतं.’ त्यानंतर एका वरिष्ठांनी उपाय सुचवला: पाच-सहा जणांचा गट करायचा, प्रत्येकाच्या पेपरवर सगळ्यांची नावं घालायची आणि एकमेकांचे पेपर साइट करत, म्हणजे आपल्या संदर्भसूचीत घालत, राहायचे.

त्या विचारतात: ‘फील्डवर्क सोडून भराभर मेटा-अ‍ॅनालिसिस (इतरांच्या अभ्यासांचे आकडे एकत्र करून केलेलं विश्लेषण) करायला लागू का? वरिष्ठांचं ऐकू का? की मान्यच करून टाकू, की बारा वर्षांत माझ्या हातून कुणाच्या उपयोगाचं काही झालं नाही? आणि माझ्याकडे नुकतीच पीएचडीला आलेली मुलगी विचारते, मॅडम, कुठला विषय घेतला तर सायटेशन्स मिळतील? तिला काय सांगू?’

ताई,

तुमचा तिसरा प्रश्न मी आधी घेते, कारण बाकीचे सगळे त्याच्यावरच उभे आहेत. आपल्या हातून काही झालं नाही हे एकदा मान्य केलं, की फील्डवर्क सोडणं शहाणपणाचं वाटू लागतं आणि त्या वरिष्ठांची सूचनाही तितकीशी वाईट वाटत नाही.

समितीतल्या गृहस्थांनी पाहिलं ते एवढंच, की तुमच्या पेपरना सायटेशन्स कमी आहेत. त्यावरून त्यांनी ठरवलं, की पेपर कुणी वाचत नाही. त्यावरून तुम्ही ठरवलंत, की कामाचा कुणाला उपयोग नाही. या तीन निरनिराळ्या गोष्टी आहेत. पहिली खरी असली म्हणून दुसरी खरी होत नाही, आणि तिसरीचा तर पहिलीशी फारच थोडा संबंध आहे.

सायटेशन कधी मोजलं जातं? कुणीतरी नवा पेपर लिहितो आणि त्याच्या संदर्भसूचीत तुमचा पेपर घालतो, तेव्हा. म्हणजे साइट करू शकतात फक्त पेपर लिहिणारे लोक. गणितासारख्या विषयात हे बऱ्यापैकी चालून जातं, कारण तिथे काम वापरणारा आणि पेपर लिहिणारा बहुतेक वेळा एकच असतो. आरोग्यात तसं नाही. स्त्रिया गोळ्या का सोडतात हे ज्यांना कळायला हवं, त्या म्हणजे गोळ्या देणाऱ्या परिचारिका, त्यांना शिकवणारे प्रशिक्षक, कार्यक्रमाची आखणी करणारे अधिकारी. यांनी तुमचा पेपर वाचून आपली पद्धत बदलली, तरी तुमच्या प्रोफाइलवरचा आकडा एकानेही वाढणार नाही. तुमचा खरा वाचक सायटेशनच्या मोजणीत येतच नाही, ताई.

डॉ. दिलीप महालनबीस यांचं उदाहरण तुम्हाला माहीत असेलच, तरी इथे ते आठवावंसं वाटतं. १९७१ साली निर्वासितांच्या छावणीत कॉलरा पसरला आणि शिरेतून द्यायचं सलाइन संपत आलं, तेव्हा त्यांनी मीठ, ग्लुकोज आणि खाण्याचा सोडा मोजून पुड्या बांधल्या आणि त्यांचं पाणी रुग्णांना त्यांच्याच नातेवाइकांच्या हातून पाजलं. तीस टक्क्यांच्या आसपास असलेला मृत्युदर चार टक्क्यांच्या आत आला. त्यावरचा पेपर १९७३ मध्ये जॉन्स हॉपकिन्स मेडिकल जर्नलमध्ये आला. १९७८ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय जर्नलच्या संपादकीयात लिहिलं गेलं, की तोंडावाटे द्यायचं हे द्रावण बहुधा या शतकातली वैद्यकातली सर्वांत मोठी प्रगती ठरेल. त्या पेपरला सायटेशन्स मिळाली, मिळत आहेत. पण ज्या आईने जुलाब लागलेल्या बाळाला चमच्याने ते पाणी पाजलं, तिची नोंद कुठल्याही सूचीत नाही. तुमचं काम महालनबीसांच्या तोडीचं आहे की नाही, हे मी ठरवत नाही. एवढंच म्हणते, की आरोग्य संशोधनाचा उपयोग कुठे होतो हे शोधायला सायटेशनची सूची ही चुकीची जागा आहे.

मुळात ही सूची त्यासाठी केलेलीही नव्हती. यूजीन गारफिल्ड यांनी १९५५ मध्ये सायटेशन सूचीची कल्पना मांडली आणि १९६४ मध्ये सायन्स सायटेशन इंडेक्स बाजारात आला, तो अभ्यासकाला एका पेपरवरून दुसऱ्यापर्यंत पोचता यावं म्हणून. इम्पॅक्ट फॅक्टर आला तो सूचीत कोणती जर्नल्स घ्यायची हे ठरवण्यासाठी, आणि पुढे ग्रंथपालांनी तो कुठलं जर्नल विकत घ्यायचं यासाठी वापरला. जर्नलच्या मागच्या दोन वर्षांतल्या पेपरना या वर्षी मिळालेली सायटेशन्स, भागिले त्या दोन वर्षांतल्या पेपरची संख्या. ही सरासरी आहे, आणि एखादा पेपर ती कुठच्या कुठे नेऊ शकतो. स्फटिकशास्त्राच्या एका जर्नलमध्ये २००८ साली एका सॉफ्टवेअरच्या इतिहासावर लेख आला. ते सॉफ्टवेअर वापरणारे सगळे तो साइट करू लागले, आणि जर्नलचा इम्पॅक्ट फॅक्टर सुमारे २ वरून एका वर्षात जवळपास ५० वर गेला. त्याच वर्षी तिथे छापलेले बाकीचे पेपर होते तसेच राहिले. तरीही निवड समित्यांमध्ये जर्नलचा आकडा माणसाला चिकटवताना मी पाहिलं आहे, आणि दर वेळी त्याचं वाईट वाटतं.

एच-इंडेक्सचंही तसंच. जॉर्ज हर्श या भौतिकशास्त्रज्ञाने २००५ मध्ये तो सुचवला. तुमचा एच-इंडेक्स ९, म्हणजे किमान नऊ सायटेशन्स मिळालेले तुमचे नऊ पेपर आहेत. एखाद्याने आयुष्यात एकच पेपर लिहिला आणि त्याला हजार सायटेशन्स मिळाली, तर त्याचा एच-इंडेक्स १. हा आकडा कधी कमी होत नाही, फक्त वाढतो, त्यामुळे ज्याची जितकी वर्षं सलग गेली त्याला तो तितका झुकतं माप देतो. तुमची दोन वर्षं त्यात धरलेली नाहीत. हर्श यांच्या मूळ लेखातही हा आकडा कारकिर्दीच्या वर्षांशी ताडून पाहायला सांगितलं होतं, आणि पुढे २०२० मध्ये त्यांनी स्वतःच लिहिलं, की याचे आपण न कल्पिलेले वाईट परिणाम झाले आहेत. हे समितीला सांगायला संकोचू नका.

आता तुमच्या सहकाऱ्याबद्दल. पत्रात तुम्ही त्याच्याविषयी एकही कडवट शब्द लिहिलेला नाही, याबद्दल मला तुमचा आदर वाटला. तरी ओळींमधून एक शंका जाणवते: त्याचे आकडे फुगवलेले असतील का? मला तसं धरून चालायचं नाही. हृदयविकाराच्या मोठ्या चाचण्यांमध्ये अनेक केंद्रं, अनेक लेखक असतात, त्या चाचण्यांवर उपचारांची मार्गदर्शक तत्त्वं बेतली जातात आणि त्या विषयात पेपर लिहिणारेही प्रचंड आहेत. त्याचं काम खरोखर चांगलं असू शकतं. मुद्दा इतकाच, की त्याच्या विषयात लिहिणाऱ्यांची गर्दी मोठी म्हणून सायटेशन्सही मोठी, आणि तुमच्या विषयात ती गर्दी छोटी. दोन प्रोफाइल शेजारी-शेजारी उघडून यातलं काहीच दिसत नाही.

तुलना करायचीच असेल तर विषयाला धरून करावी, आणि त्यासाठी साधन आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेचं आयसाइट हे मोफत साधन पबमेड या वैद्यकीय पेपरांच्या सूचीतल्या पेपरसाठी ‘रिलेटिव्ह सायटेशन रेशो’ काढून देतं. तुमच्या पेपरला त्याच्यासारख्याच विषयातल्या, त्याच वर्षांच्या पेपरच्या मानाने किती सायटेशन्स मिळाली, हे त्यात दिसतं. त्या संस्थेच्या निधीतून झालेल्या पेपरच्या मानाने तुमचा पेपर मधोमध असेल, तर उत्तर १ च्या आसपास येतं. तुमचे पेपर त्यात एकदा घालून पाहा. अगदी ताज्या पेपरचे आकडे हलते असतात, ते सोडून द्या. ‘कुणी वाचत नाही’ असं ज्यांच्याविषयी म्हटलं गेलं, त्यातले काही आपल्या विषयात सरासरीच्या वर निघाले तर मला आश्चर्य वाटणार नाही. आणि खाली निघाले तरी निदान खरी परिस्थिती कळेल.

इथवर मी तुमची बाजू घेतली. आता एक गोष्ट तुम्हाला कदाचित आवडणार नाही. तुमच्या कमी सायटेशन्सचा काही भाग विषयामुळे आहे, काही सुटीमुळे आहे, आणि काही भाग तुमच्या हातातला होता. पेपर छापून आला की तुम्ही पुढच्या पाहणीला निघून जाता, हे तुम्हीच लिहिलं आहे. फील्डवर मन रमणाऱ्या बहुतेकांचं असंच होतं. पण छापलेला पेपर आपोआप कुणाच्या हाती पडत नाही, तो सापडावा लागतो.

सुरुवात नावापासून करा. लग्नाआधीचं नाव, नंतरचं नाव, कधी मधलं नाव घातलेलं, कधी नुसतं आद्याक्षर, असे पेपर सूचीमध्ये दोन-तीन माणसांमध्ये विभागले जातात आणि मग प्रत्येकीचा एच-इंडेक्स वेगळा निघतो. ऑर्किड आयडी नसेल तर काढा. संशोधकाची ओळख पटवणारा सोळा अंकी क्रमांक आहे, मोफत आहे, तो नाव बदललं तरी बदलत नाही. स्कोपस या सायटेशन सूचीत तुमची दोन प्रोफाइल दिसत असतील तर एकत्र करण्याची विनंती करता येते. गुगल स्कॉलरवर दुसऱ्या कुणाचे पेपर तुमच्या नावावर चढले असतील तर तेही काढून टाका. स्कॉलर, स्कोपस आणि वेब ऑफ सायन्स या तिन्हींचे आकडे कधीच जुळत नाहीत, कारण प्रत्येकाची जाळी वेगळी. स्कॉलर प्रबंध आणि अहवालही धरतं म्हणून त्याचा आकडा सहसा मोठा. अर्जात आकडा लिहाल तेव्हा कुठून घेतला आणि कुठल्या तारखेला, हे सोबत लिहा. समितीने तुमचा आकडा एका ठिकाणाहून आणि सहकाऱ्याचा दुसऱ्या ठिकाणाहून घेतला नव्हता ना, हेही विचारून घ्या.

शीर्षक आणि सारांशाकडे बघा. तुमच्या एका पेपरचं शीर्षक तुम्ही पत्रात दिलं आहे. ते सुंदर आहे, पण त्यात रक्तक्षय हा शब्द नाही, गरोदर स्त्रिया नाहीत, लोह नाही. पबमेडमध्ये शोधणाऱ्याला ते सापडणार कसं? पद्धतशीर आढावा घेणारे, म्हणजे एका प्रश्नावरचे सगळे अभ्यास शोधून पारखणारे लोक हजारो शीर्षकं नजरेखालून घालतात आणि सारांशात पाहणीचा प्रकार, सहभागींची संख्या, मुख्य निष्कर्षाचा आकडा दिसला नाही तर पुढे जातात. निरीक्षणात्मक अभ्यासांसाठी स्ट्रोब नावाची २२ मुद्द्यांची यादी २००७ पासून उपलब्ध आहे. ती समोर ठेवून लिहिलेला पेपर आढाव्यांत टिकतो, कारण त्यातून हवी ती माहिती काढता येते. आणि पैसे भरल्याशिवाय उघडत नाहीत असे तुमचे पेपर जर्नलच्या धोरणात बसत असेल तर स्वीकृत हस्तलिखिताच्या रूपात संस्थेच्या संग्रहात ठेवा. बहुतेक जर्नल्स काही अटींवर तशी परवानगी देतात, आणि आपण ती वापरत नाही.

पण मला सर्वांत जास्त सांगायचं आहे ते तुमच्या प्रश्नावलीबद्दल. गोळ्या सोडण्याची कारणं विचारण्यासाठी तुम्ही केलेली, चार पाहण्यांमध्ये घासूनपुसून सुधारलेली प्रश्नावली. तुम्ही लिहिता, दुसऱ्या संस्थांतले लोक ती ई-मेलवर मागवून घेतात. मग ती छापलेली कुठे आहे? दोन पेपरच्या परिशिष्टात, अर्धवट. ज्यांनी ती वापरली त्यांना साइट करायला तुम्ही काही दिलेलंच नाही! ही प्रश्नावली कशी घडली, तिची विश्वसनीयता आणि वैधता कशी तपासली, यावर स्वतंत्र पेपर लिहा, आणि प्रश्नावली स्वतः झेनोडोसारख्या खुल्या संग्रहात डीओआय (कायमचा ऑनलाइन ओळख क्रमांक) घेऊन ठेवा. यात कुठलीही युक्ती नाही. लोक ती आत्ताही वापरत आहेत, फक्त त्याची नोंद होत नाही.

पद्धतींचे पेपर किती साइट होतात याची तुम्हाला कल्पना असेल. ऑलिव्हर लॉरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा १९५१ चा प्रथिनं मोजण्याच्या पद्धतीवरचा पेपर विज्ञानातल्या सर्वाधिक साइट झालेल्या पेपरांत कित्येक दशकं पहिला राहिला. २०१४ पर्यंत त्याची सायटेशन्स तीन लाखांवर गेली होती. तो काही थोर पेपर नव्हे, असं लॉरी यांनी स्वतःच लिहून ठेवलं आहे. इतरांना रोज लागणारी गोष्ट त्यांनी नीट लिहून दिली, एवढंच. तुमच्याकडेही अशी एक गोष्ट आहे आणि तुम्ही तिला परिशिष्ट समजता.

वरिष्ठांच्या गटाबद्दल. त्यांनी हे तुमच्या भल्यासाठी सुचवलं असेल, तरीही माझं उत्तर नाही असं आहे, आणि ते तत्त्वाइतकंच सुरक्षिततेसाठीही आहे. वैद्यकीय जर्नल संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीने लेखक कुणाला म्हणायचं याच्या चार अटी घातल्या आहेत: कल्पना, आखणी, माहिती किंवा विश्लेषणात भरीव वाटा; मसुदा लिहिण्यात किंवा त्याच्या गंभीर दुरुस्तीत सहभाग; अंतिम मसुद्याला संमती; आणि संपूर्ण कामाच्या खरेपणाची जबाबदारी. चारही पूर्ण व्हायला हव्यात. यातली चौथी वाचून स्वतःला विचारा: जिथली माहिती तुम्ही पाहिलेली नाही, त्या पेपरमधल्या प्रत्येक आकड्याला तुम्ही जबाबदार राहाल का?

एमएमआर लस आणि ऑटिझमचा संबंध सुचवणारा १९९८ चा पेपर तेरा जणांच्या नावाने छापला गेला होता. २००४ मध्ये त्यातल्या दहा जणांनी त्यातल्या निष्कर्षापासून स्वतःला जाहीरपणे अलग केलं, २०१० मध्ये जर्नलने तो पेपर मागे घेतला, पण ती नावं आजही त्याच्यावर आहेत. जाता जाता: त्या पेपरची सायटेशन्स भरपूर आहेत, आणि बरीचशी तो चुकीचा कसा हे सांगण्यासाठी दिलेली. मोजणीत तीही धरली जातात.

एकमेकांना ठरवून साइट करण्याचे गट आता पकडलेही जातात. मोजणारी साधनं पाच-सहा नावांची एकमेकांत फिरणारी सायटेशन्स सहज दाखवतात, आणि अशा प्रकारांसाठी जर्नल्सना सूचीमधून काढलं गेलं आहे. २०२३ मध्ये हिंदावी या एकाच प्रकाशनाने आठ हजारांहून अधिक पेपर मागे घेतले. तपासणीत संगनमताने केलेली समीक्षा आणि असंबद्ध संदर्भ अशाच गोष्टी वर आल्या होत्या. बारा वर्षं घरोघर फिरून मिळवलेली तुमची विश्वासार्हता अशा यादीशेजारी ठेवू नका. वरिष्ठांना नकार देताना उपदेश करायची गरज नाही. ‘सर, मला ज्यात काम करता येईल अशा पेपरमध्ये जरूर घ्या, विश्लेषण किंवा प्रश्नावलीची बाजू मी बघते,’ असं म्हणा. खरं सहकार्य मागितलं की संबंधही राहतात आणि तुमचं नाव जिथे येईल तिथे कामासह येईल. स्वतःचा आधीचा पेपर स्वतः साइट करण्यात मात्र गैर काही नाही. नव्या पाहणीचा पाया जुन्या पाहणीत असेल तर तो सांगायलाच हवा.

फील्डवर्क सोडून मेटा-अ‍ॅनालिसिस? भराभर होत असेल तर तो नीट होत नसतो. एखादा चांगला पद्धतशीर आढावा घ्यायला सहसा वर्ष किंवा त्याहून जास्त लागतं: आधी प्रॉस्पेरो या आढाव्यांच्या ऑनलाइन नोंदवहीत नोंदणी, मग शोध, दोघांनी स्वतंत्रपणे चाळणी, प्रत्येक अभ्यासातल्या पूर्वग्रहाची तपासणी. आणि एकाच प्रश्नावर पुन्हा पुन्हा केलेल्या आढाव्यांचा सुकाळ आधीच झाला आहे. संख्याशास्त्रज्ञ डग्लस ऑल्टमन यांनी १९९४ मध्येच वैद्यकीय संशोधनाच्या दर्जावर लिहिताना कळकळीने म्हटलं होतं, की आपल्याला कमी संशोधन हवं, चांगलं संशोधन हवं आणि योग्य कारणांसाठी केलेलं संशोधन हवं. पदोन्नतीसाठी केलेला विसावा आढावा यातल्या कशातच बसत नाही.

तरीही एक आढावा तुम्ही करावा असं मला मनापासून वाटतं: लोहाच्या गोळ्या सोडण्याच्या कारणांचा, तुमच्या स्वतःच्या विषयातला. कुठल्या पाहणीत प्रश्न चुकीचा विचारला गेला, कुठे स्त्रीने सासूसमोर उत्तर दिलं असणार, हे तुमच्याइतकं कुणाला कळणार? असा आढावा साइटही होईल, पण तो करायचं कारण ते नको. तुमची विद्यार्थिनी त्यात दुसरी चाळणी करणारी म्हणून तयार होईल, आणि फील्ड चालूच राहील.

राहिला अर्ज. ३१ पेपरची यादी जोडायची तर जोडा, पण तिच्यावर अवलंबून राहू नका. पाच कामं निवडा आणि प्रत्येकाबद्दल सात-आठ ओळी लिहा: प्रश्न काय होता, तुम्ही नेमकं काय केलं, काय सापडलं, आणि ते पुढे कुठे गेलं. तुम्ही काय केलं हे सांगायला क्रेडिट नावाची चौदा भूमिकांची यादी सोयीची आहे, त्यातले शब्द वापरले की पहिलं नाव, शेवटचं नाव या वादात पडावं लागत नाही. अशा वर्णनात्मक बायोडेटाची मागणी आता मोठ्या संस्थाही करतात.

‘पुढे कुठे गेलं’ यासाठी तुम्हाला थोडं हिंडावं लागेल, आणि बहुतेक संशोधक इथेच कंटाळा करतात. ही माहिती कुठल्याही सूचीत तयार मिळत नाही. प्रशिक्षण पुस्तिका, आरोग्य खात्यांची परिपत्रकं, मार्गदर्शक तत्त्वांच्या मसुद्यांचे संदर्भ, आंतरराष्ट्रीय संस्थांचे अहवाल शोधा. धोरणविषयक दस्तऐवजांतले संदर्भ शोधणारं ओव्हरटन हे साधन तुमच्या ग्रंथालयाकडे असेल तर ग्रंथपालांची मदत घ्या. ज्यांनी ज्यांनी प्रश्नावली मागवली त्यांचे ई-मेल शोधून काढा आणि प्रत्येकाला विचारा: वापरली का, कुठे, काय बदललं? दोन ओळींचं उत्तर पुरे. ज्या केंद्रात तुमच्या निष्कर्षानंतर गोळ्या द्यायची वेळ बदलली असं तुम्ही ओझरतं लिहिलं आहे, तिथल्या प्रमुखांकडून ते लेखी घ्या. पत्रात ते अर्ध्या वाक्यात आलंय, अर्जात ते पहिल्या पानावर यायला हवं. आणि खबरदारी घ्या: जेवढं दाखवता येईल तेवढंच लिहा. ‘यामुळे रक्तक्षय कमी झाला’ असं पुराव्याशिवाय लिहू नका. ‘केंद्राने पद्धत बदलली’ हे पुरेसं आणि खरं आहे.

समिती फक्त आकडाच बघणार असेल तर? तशा समित्या आहेत, आणि मी तुम्हाला खोटा धीर देणार नाही. आधी निकष लेखी मागा. किमान किती पेपर, कोणत्या सूचीतले, एच-इंडेक्सची काही अट आहे का? बरेचदा लेखी निकष तोंडी बोलण्यापेक्षा सौम्य निघतात. तुमच्या संस्थेने डोरा जाहीरनाम्यावर सही केली आहे का तेही बघा. २०१२ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोतल्या बैठकीतून तो निघाला, आणि माणसाची पारख जर्नलच्या इम्पॅक्ट फॅक्टरवरून करू नये हे त्याचं मुख्य सूत्र आहे. सही केलेली असेल तर अर्जासोबतच्या पत्रात एका ओळीत नम्रपणे त्याची आठवण करून द्या. २०१५ च्या लायडन जाहीरनाम्यातलं पहिलंच तत्त्व असं आहे, की आकड्यांनी तज्ज्ञांच्या परीक्षणाला आधार द्यावा, त्याची जागा घेऊ नये. नेदरलँड्समधल्या उट्रेख्ट विद्यापीठाने २०२१ मध्ये नेमणुका आणि बढत्यांमधून इम्पॅक्ट फॅक्टर काढून टाकण्याचं जाहीर केलं. म्हणजे तुम्ही काही जगावेगळं मागत नाही.

एवढं करूनही या खेपेला पदोन्नती हुकू शकते. हुकली तर लेखी कारण मागा, प्रश्नावलीचा पेपर आणि आढावा दोन्ही पुढच्या खेपेपर्यंत पूर्ण होतील असं वेळापत्रक आखा, आणि मधल्या काळात जिथे तुमच्या प्रकारच्या कामाची कदर आहे अशा संस्थांची चौकशीही करून ठेवा. शोधायला सुरुवात केली म्हणजे सोडून जायलाच हवं असं नाही.

तुमच्या विद्यार्थिनीचा प्रश्न मला अजिबात उथळ वाटला नाही. तिला नोकरी मिळवायची आहे आणि आकडे कसे वापरले जातात हे तिने तुमच्याच बाबतीत पाहिलं आहे. तिला सांगा, की कशाला सायटेशन्स मिळतील याचा अंदाज कुणालाच बांधता येत नाही, पण कुणाचा निर्णय अडला आहे हे शोधता येतं. तिला एक महिना आरोग्य केंद्रांत बसवा आणि तिथल्या लोकांना काय माहीत नसल्यामुळे अडतं, त्याची यादी करायला लावा. त्या यादीतला जो प्रश्न आधी कुणी नीट सोडवलेला नाही, तो तिचा विषय. मग पहिल्या पेपरच्या आधीच तिचा ऑर्किड आयडी काढा, नाव कसं लिहायचं ते कायमचं ठरवा, पाहणीचा आराखडा आधी नोंदवा, आणि तिची साधनं पहिल्या दिवसापासून खुल्या संग्रहात ठेवायची सवय लावा. तुमच्या प्रश्नावलीच्या पेपरवरही तिला घ्या, विश्वसनीयतेचं विश्लेषण तिच्याकडून करून घेऊन. मग त्या पेपरवर तिचं नाव हक्काने येईल.